मिटलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ कुणाचं?

प्रति,
ई-रीडर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख यांस
प्रत माहितीसाठी : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

विषय : ई-रीडरवरच्या जाहिराती आणि ग्राहकाला विक्रीआधी सांगायच्या गोष्टी



माझ्या आईचं वय शहात्तर. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, तरी छापील पुस्तकातलं बारीक अक्षर तिला झेपेना. तीन वर्षांपूर्वी तिच्या नातवानं न्यू जर्सीहून येताना बॅगेतून एक ई-रीडर आणला. कोणत्या कंपनीचा, हे इथं महत्त्वाचं नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, मनगट दुखत नाही, एकदा चार्ज केला की कित्येक दिवस बघावं लागत नाही. आईचं सुटलेलं वाचन परत सुरू झालं. त्याबद्दल तुमच्या इंजिनिअरांचे आभार मानते आणि मगच तक्रारीकडे वळते.

अडचण सुरू झाली ती वाचून झाल्यावर. दुपारी चारला आई यंत्र टीपॉयवर ठेवून चहा टाकायला उठायची आणि पडद्यावर उघड्या छातीचा एक दणकट तरुण प्रकट व्हायचा. इंग्रजी प्रेमकादंबरीची जाहिरात! दुसऱ्या दिवशी तरुण वेगळा, छाती तीच. शेजारचे काका चहाला आले की त्यांची नजर टीपॉयकडे जायची आणि आईची काकांकडे. शेवटी पूर्वी रेडिओवर असायचा तो क्रोशाचा रुमाल तिनं कपाटातून काढला आणि यंत्रावर घातला.

मी भाच्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "मावशी, दोन किमती होत्या. जाहिरातवाला वीस डॉलरनं स्वस्त. वाचताना जाहिरात येतच नाही, मग काय बिघडतं?" त्याचं काही चुकलं नव्हतं. सौदा त्यानं समजून केला होता. फक्त सवलत नातवाच्या खिशात राहिली आणि जाहिरात आजीच्या टीपॉयवर आली. घेणारा एक आणि बघणारा दुसरा, अशी ही खरेदी. हे पत्र त्या बघणाऱ्यांच्या वतीनं आहे.

तुम्ही विकता त्या पडद्याचा गुण मला ठाऊक आहे. 1997 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालेल्या ई इंक कंपनीनं तो घडवला. केसाच्या जाडीएवढ्या कुप्या, त्यांत पांढरे आणि काळे कण, दोघांवर उलटसुलट विद्युतभार. वीज दिली की कण वर-खाली होतात, अक्षर उमटतं, आणि वीज काढून घेतली तरी कण जागचे हलत नाहीत. म्हणून डोळ्यांना कागदासारखं वाटतं आणि बॅटरी इतकी टिकते. फोनचा किंवा टीव्हीचा पडदा बंद केला की काळा होतो, त्यावरची जाहिरातही त्याच्याबरोबर मावळते. ई-रीडर मात्र झोपतो तेव्हा त्याच्या तोंडावर शेवटचं चित्र तसंच राहतं, रात्रभर, विजेचा थेंबही न खाता. वाचकासाठी वरदान ठरलेला हा गुण जाहिरातदारासाठी तर फुकटचं होर्डिंग झाला. दिव्याचं बिल नाही, खांबाचं भाडं नाही आणि जागा माणसाच्या उशाशी!

सुरुवातीला या जागेवर कोण होतं, हेही आठवून बघा. ॲमेझॉनचं पहिलं किंडल 19 नोव्हेंबर 2007 ला 399 डॉलरला विक्रीला आलं. त्या सुरुवातीच्या यंत्रांच्या झोपलेल्या पडद्यावर लेखकांची चित्रं दिसत. जेन ऑस्टिन, मार्क ट्वेन, एमिली डिकिन्सन, ज्यूल व्हर्न. आपल्याकडच्या वाचनालयात भिंतीवर लेखकांच्या तसबिरी असतात, तसा तो प्रकार. वाचून झालं की एखादा पूर्वज शांतपणे तुमच्याकडे बघत असे.

एप्रिल 2011 मध्ये तसबिरी उतरल्या. 139 डॉलरचं यंत्र 114 डॉलरला मिळेल, मात्र झोपलेल्या पडद्यावर आणि यंत्राच्या पहिल्या पानाच्या तळाशी जाहिराती असतील, असं ॲमेझॉननं जाहीर केलं. पहिल्या जाहिरातदारांत ब्यूक मोटारी, ओले ही सौंदर्यप्रसाधनं आणि व्हिसा कार्ड होतं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आलेलं साधं किंडल जाहिरातींसह 79 डॉलर आणि जाहिरातींविना 109 डॉलर होतं. पुढे फरक वीस डॉलरवर आला तो तिथंच राहिला. 2024 च्या पेपरव्हाइट या किंडलच्याही अमेरिकेत दोन किमती होत्या, साधारण 160 आणि 180 डॉलर. वीस डॉलर म्हणजे आपले सतराशे-अठराशे रुपये. यंत्र पाच वर्षं चाललं, तर दिवसाला एक रुपया. माझ्या आईच्या टीपॉयचं रोजचं भाडं एक रुपया पडलं, आणि तेही तिला मिळालं नाही.

न्यायानं बोलायचं तर हा सौदा उघड होता. दोन किमती शेजारी लिहिलेल्या होत्या. नंतर फरकाची रक्कम भरून जाहिराती काढून टाकायची सोयही मिळाली. वाचायच्या पानावर जाहिरात येणार नाही, हे तेव्हा सांगितलं गेलं आणि आजवर ते पाळलंही गेलं. पण त्या सौद्याला नाव काय दिलं? "स्पेशल ऑफर्स". म्हणजे दुकानात पाट्या अशा : खास सवलतींसह स्वस्त, खास सवलतींविना महाग. सवलती नकोत म्हणून जादा पैसे मोजणारा माणूस कधी कुणी पाहिला आहे का? अगदी सुरुवातीला त्यात खरोखर थोडी सवलत होती, वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड दहा डॉलरला वगैरे. सवलती विरत गेल्या, तरी नाव बरीच वर्षं तेच राहिलं. अलीकडे "लॉकस्क्रीन ॲड्ससह" आणि "लॉकस्क्रीन ॲड्सविना" असं सरळ लिहिलेलं दिसतं. जाहिरातीला जाहिरात म्हणायला इतका वेळ लागावा, यातच सारं आलं.

मराठी वाचकाला जाहिरातीचं वावडं आहे, असं कृपा करून समजू नका. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आमचं दिवाळीतलं वाचन जाहिरातींच्या आधारानं उभं आहे. मसाले, दागिने, बँका, बिल्डर, सगळे त्यात येतात आणि त्यांच्या पैशातून कथेचं, कवितेचं मानधन निघतं. आम्ही ती पानं उलटतो, कधी वाचतोही. गावच्या वाचनालयात पंख्याच्या पात्यावर, बाकाच्या पाठीवर, कपाटाच्या दारावर "यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट" असं रंगवलेलं असतं. त्या बाकावर बसताना कुणाला अपमान वाटत नाही.

मग फरक कुठे पडतो? दिवाळी अंकातली जाहिरात मी अंक चाळतानाच दिसते, घेण्याआधी. ती अंकात जिथं छापली तिथंच राहते. तिचा पैसा लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचतो. बाकावरचं नाव एकदाच रंगवलेलं असतं, रोज रात्री बदलत नाही आणि कोण किती वेळ बसलं याची नोंद ठेवत नाही. तुमच्या पडद्यावरच्या जाहिरातीचा पैसा पुस्तक लिहिणाऱ्याला जात नाही. उलट आपलं पुस्तक त्या पडद्यावर दिसावं म्हणून लेखकच पैसे मोजत, अशीही सोय ॲमेझॉनवर होती. दिवाळी अंकात जाहिरात लेखकाला पोसते, इथे लेखक जाहिरातीला पोसतो.

पुस्तक आणि जाहिरात यांचं भांडण आजचं नाही. डिकन्सच्या कादंबऱ्या मासिक हप्त्यांनी निघत, तेव्हा प्रत्येक हप्त्याला पुढेमागे जाहिरातींची पानं शिवलेली असत. दीडएक वर्षानं सगळे हप्ते जमले की वाचक ते बाइंडरकडे नेई आणि बाइंडर सहसा जाहिराती काढून मजकूर तेवढा बांधून देई. 1970 च्या दशकात अमेरिकेत स्वस्त पेपरबॅकच्या पोटात सिगारेटच्या जाहिरातीचा जाड कागद घातलेला असे. लेखक चिडले आणि आमच्या परवानगीशिवाय पुस्तकात जाहिरात नको, अशी अट आपल्या करारांत घालून घेऊ लागले. म्हणजे पूर्वी वाचकाच्या बाजूनं बाइंडरची सुरी होती आणि लेखकाच्या बाजूनं करार. ई-रीडरवर सुरीही तुमच्याच हातात आहे, आणि ती वापरायचे वीस डॉलर पडतात.

या सुरीची एक गोष्ट मला फार लागली. 2021 मध्ये किंडलवर एक साधी, छान सोय आली. यंत्र झोपलं की तुम्ही वाचत असलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पडद्यावर दिसायचं. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर हे आधीपासून होतं. पण किंडलवर ही सोय जाहिरातींविना घेतलेल्या यंत्रांनाच मिळाली. जाहिरातवाल्यांच्या मुखपृष्ठाची जागा आधीच भाड्यानं गेलेली! कागदाचं पुस्तक मिटून उशाशी ठेवलं की वरती त्याचंच मुखपृष्ठ दिसतं, त्यासाठी कुणी कुणाला कधी विचारलं नव्हतं. मिटलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ ही वाचकाच्या हक्काची गोष्ट होती. तुम्ही ती आधी काढून घेतली आणि मग विकायला ठेवली.

माझी खरी भीती मात्र पुढची आहे. आज वाचायचं पान मोकळं आहे. उद्या राहील का?

ही शंका उगाच नाही. तुमच्या व्यवसायात विकलेली वस्तू विकल्यानंतरही बदलता येते. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉननं ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलची '1984' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पैसेही परत दिले. पुढे कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. तरी आपल्या कपाटाला बाहेरून कुणाचा तरी हात पोहोचतो, हे लोकांना त्या दिवशी कळलं. 2012 च्या सप्टेंबरात किंडल फायर एचडी हा टॅबलेट आला, तेव्हा जाहिराती बंद करायची सोयच नसल्याचं आधी सांगण्यात आलं. गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच पंधरा डॉलरला ती सोय निघाली. ग्राहक ओरडले म्हणून निघाली, हे विसरू नका. आणि आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. वर्षाची वर्गणी भरून ॲमेझॉनचाच प्राइम व्हिडिओ बघणाऱ्यांना 17 जून 2025 पासून भारतात मध्ये मध्ये जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील, तर तेव्हा महिन्याला 129 किंवा वर्षाला 699 रुपये वेगळे पडत. जाहिराती नसतील असं गृहीत धरून ज्यांनी वर्गणी भरली होती, त्यांच्या गृहीतकाला किंमत शून्य.

पदरात पडलं आणि पवित्र झालं, असं आम्ही म्हणतो. तुमच्या वस्तूंच्या बाबतीत पदरात पडलेलं उद्या काय होईल, हेच सांगता येत नाही.

आणखी एक. पुस्तक वाचताना माणूस एकटा असतो, आणि तो एकटेपणा त्यानं मुद्दाम निवडलेला असतो. कुठल्या पानावर थांबला, कुठली ओळ अधोरेखित केली, कुठलं पुस्तक तिसऱ्या पानावरच सोडून दिलं, हे यंत्राला कळतं. खूण राखायला तेवढं कळणं भागही आहे. पण ती खूण जाहिरात ठरवायला वापरायची का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आम्हाला वेगळाच विचारला पाहिजे. एखादी बाई कर्करोगावरचं पुस्तक वाचत असेल, एखादा तरुण घटस्फोटाच्या कायद्यावरचं. त्यांच्या मिटलेल्या पुस्तकावर काय झळकावं, हे त्यांच्या पानांनी ठरवू नये. कॅलिफोर्नियानं 2011 मध्ये वाचकांच्या गोपनीयतेसाठी कायदा केला. वाचनाच्या नोंदी सरकारला सहज मागता येऊ नयेत, हा त्याचा रोख. सरकारपासून जपायच्या नोंदी जाहिरातदारापासूनही जपायला हरकत नसावी.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

एक. जाहिरातींसह आणि जाहिरातींविना, या दोन्ही किमती सारख्याच आकाराच्या अक्षरांत, शेजारी शेजारी लिहा. "खास सवलत", "प्रायोजित अनुभव" असली नावं नकोत.

दोन. खोक्यावर लिहा : जाहिरात कुठे दिसेल आणि कुठे कधीच दिसणार नाही. "कधीच नाही" या यादीत पुस्तकाचं पान पहिलं हवं. आणि जाहिरातमुक्त म्हणून विकलेल्या यंत्राच्या पहिल्या पानावर तुमच्याच दुकानातल्या पुस्तकांच्या शिफारशी येणार असतील, तर तेही लिहा. आमच्या लेखी ती जाहिरातच.

तीन. विक्रीच्या दिवशी जे ठरलं, ते यंत्र चालेपर्यंत टिकू द्या. सॉफ्टवेअर अपडेटच्या नावाखाली नवी जाहिरात घुसवू नका.

चार. जाहिराती काढायची रक्कम खरेदीच्या वेळीच सांगा आणि ती कधी वाढवू नका. तीन वर्षांनंतर तर त्या आपोआप बंद करा. दिलेल्या सवलतीची वसुली किती दिवस चालावी, याला काही मर्यादा हवी.

पाच. यंत्र पहिल्यांदा सुरू होईल, तेव्हा ते हातात धरणाऱ्याला सांगा की हे जाहिरातींचं यंत्र आहे, आणि नको असेल तर काय करायचं तेही तिथंच, त्याच्या भाषेत सांगा. भेट म्हणून आलेली यंत्रं आपल्याकडे बॅगाबॅगांतून येतात. 2016 पासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळतात. अटीसुद्धा मराठीत सांगायला काय हरकत आहे?

सहा. घरात कोण कोण बघतं, याचा विचार करा. कुठल्या प्रकारची चित्रं नकोत, हे निवडण्याची सोय फुकट द्या. आईच्या टीपॉयवरच्या त्या तरुणाशी माझं व्यक्तिगत वैर नाही, पण त्याला चहाला कुणी बोलावलं नव्हतं.

प्राधिकरणाला एक विनंती. 30 नोव्हेंबर 2023 च्या अधिसूचनेनं आपण तेरा प्रकारचे डार्क पॅटर्न, म्हणजे पडद्यावरून ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या, अनुचित ठरवले. वेष पालटलेली जाहिरात, टप्प्याटप्प्यानं उघड होणारी किंमत, ग्राहकाला सतत टोचत राहणं, हे त्यात आहेत. हे नियम वेबसाइटच्या आणि ॲपच्या पडद्यापुरते न वाचता विकत घेतलेल्या वस्तूच्या पडद्यालाही लावून बघावेत. खरेदीच्या वेळची फसवणूक आपण ओळखता, आता खरेदीनंतरची ओळखायला हवी.

पत्र खुलं आहे, म्हणून ग्राहकांशीही दोन शब्द. स्वस्त यंत्र घेणं हा गुन्हा नाही. वीस डॉलर वाचवून कुणी दोन पुस्तकं घेत असेल, तर त्याचं गणित बरोबरच आहे. फक्त त्या सवलतीच्या बदल्यात आपण काय विकतो आहोत, ते बघून विका. पडदा झोपल्यावर काय दिसेल? बटण दाबल्यावर थेट पान उघडेल, की आधी जाहिरातीवरून बोट सरकवावं लागेल? जाहिरात नंतर काढता येईल का, कितीला, आणि ते कुणाच्या खात्यावरून? घेण्याआधी एवढं विचारा. भेट देणार असाल तर जाहिरातींविना असलेलंच द्या. भेटवस्तूवरची किमतीची चिठ्ठी आपण काढून टाकतो, इथे ती चिठ्ठी रोज उगवते. आणि तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक त्यासाठीच आहे.

महोदय, तुम्ही वाचनाचं यंत्र विकता. मिक्सर किंवा पंखा विकणाऱ्यापेक्षा तुमच्यावर थोडी अधिक जबाबदारी येते, कारण तुमची वस्तू माणसाच्या झोपेच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात त्याच्या हातात असते. त्या अर्ध्या तासाची किंमत दिवसाला एक रुपया तुम्ही ठरवली आणि आमच्यातल्या अनेकांनी ती मान्यही केली. ठरलेल्या रुपयात जेवढं ठरलं तेवढंच घ्या, एवढंच मागणं आहे.

आई सध्या एक जाडजूड प्रवासवर्णन वाचते आहे. दुपारी चारला ती यंत्र टीपॉयवर ठेवते, रुमाल नीट चारी कोपऱ्यांनी पसरते आणि चहा टाकायला उठते. परवा मी तिला म्हटलं, फरकाचे पैसे भरून टाकू, जाहिराती जातील. ती म्हणाली, "भर हवं तर. पण रुमाल राहू दे. उद्या आणखी काय दाखवतील, सांगता येतं का?"

तिला या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही. तुम्ही देऊ शकता, आणि तेही लेखी.

आपली,
एक वाचक आणि ग्राहक
पुणे